मराठीचं पान

१० जानेवारी १९९८, शनिवार

आले एकदाची. आनेकलच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, अज्जी, डब्यांचंही तिकीट घ्या. मी म्हटलं, डबे माझ्या मांडीवर बसलेत, मांडीचं तिकीट काढलंय मी. सगळी बस हसली. तोही हसला, आणि सर्जापूर रोडच्या फाट्यावर डबे त्यानेच खाली उतरवून दिले.

फाट्यावर संयोगिता उभी होती. माझी नात. हिची आई गेली तेव्हा ही चार वर्षांची. तेव्हापासून माझ्या हाताखाली वाढली, म्हणून तोंडाळ झाली. आता बघते तर तोंड मिटलंय आणि खांद्याची हाडं वर आलीत. मी म्हटलं, संयू, तुला बघून कावळासुद्धा आपला घास तुझ्यापुढे टाकील. हसली नाही. पण डबा उघडला आणि रस्त्यातच एक कोडबळं तोंडात टाकलं. पुष्कळ झालं.

तिचा नवरा यशोवर्धन गेल्या माघात गेला. रिंग रोडला, लॉरीखाली, स्कूटरसकट. मी तेव्हा तापाने अंथरुणात. ना अंत्यविधीला जाता आलं ना दहाव्याला. वर्षभर हिला म्हणतेय आनेकलला ये. येत नाही. म्हणून मीच आले. डोंगर हलत नाही तर म्हातारीने हलावं.

घर झकास आहे. वरचा मजला. खिडकीतून नाचणीचं शेत, त्याच्यापलीकडे बेळ्ळंदूरचं तळं, पांढरे बगळे. खाली मालकीण मुनियम्मा, तिची म्हैस आणि तिचा रेडिओ. दोनच्या बातम्या लागल्या की ती रेडिओ मोठा करते, सगळ्या शेताला ऐकू जातो. खिडकीच्या कट्ट्यावर एक कावळा येऊन बसतो. चांगला पोसलेला. जावई दिवाळसणाला आल्यासारखा आत बघतो.

चहा पिताना संयू म्हणाली, अज्जी, तुझ्यासाठी नोकरी आहे. ही वही घे. आपण घरात बोलतो तसे शब्द हिच्यात लिही. दिवसाचे, वेळेचे, आठवण करून द्यायचे. तू वहीत लिहिशील तेच मी पुस्तकात उतरवणार.

वय बहात्तर, शिक्षण तिसरी, तीही मास्तरांनी ढकलून. आणि नोकरी लागली! आमच्या घराण्यात तीनशे वर्षं बंगळुरात राहून एवढी मजल कुणी मारली नव्हती.

१२ जानेवारी, सोमवार

आज काम समजून घेतलं.

कॉम्प्युटरचा काळा पडदा आहे. त्यावर चित्र नाही, रंग नाही. एक ओळ लिहायची, बटण दाबायचं, की तो उलट उत्तर देतो, आज काय आहे, उद्या काय आहे. गॅसचा नंबर लावायचा, बिल भरायचं, माझी ब्लडप्रेशरची गोळी. पंचांगच म्हणायचं, फक्त विचारलेलंच सांगतं. भटजींपेक्षा बरं.

हे यशोवर्धनने केलेलं. ज्या भाषेत विचाराल त्या भाषेत बोलतं. कन्नड, तमिळ, शिवाय गोऱ्या लोकांच्या चारपाच. आता त्याचं पुस्तक लिहायचंय. कुठल्या भाषेत कसं विचारायचं, तो काय उत्तर देईल, एखाद्या भाषेतला शब्द त्याला ठाऊक नसला तर तो इंग्रजीत कसा घसरतो, हे सगळं. प्रत्येक भाषेला एक पान. सगळी पानं झाली, मराठीचं राहिलं. ते तो माझ्याजवळ बसून करणार होता. आनेकलला अंगणात बसून विचारायचा मला, अज्जी, परवाच्या पुढच्या दिवसाला काय म्हणता? मी म्हणायची, जावईबापू, तेरवा. पुण्याची माणसं विसरली असतील, आम्ही नाही.

आज तेच शब्द संयूला सांगितले. आज, उद्या, परवा, तेरवा. तिने टाइप केले, बटण दाबलं, आणि पडद्यावर नागरी अक्षरांत आलं: अज्जीची गोळी, आज. मग वेळेवरून भांडलो. ती म्हणते तीन पंचेचाळीस. मी म्हटलं, असं कोण बोलतं, रेल्वे? पावणेचार म्हण. तर म्हणे यंत्राला पाव, अर्धा, पाऊण शिकवणं कठीण आहे. मी म्हटलं, तुला शिकवलं मी, यंत्राचं काय घेऊन बसलीस.

हसली. पहिल्यांदा. दोन चपात्या खाल्ल्या.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

मुनियम्मा एळ्ळू-बेल्ला घेऊन आली आणि दारातच थबकली. समोर दोन विधवा, तीळगूळ द्यायचा कुणाला! मी म्हटलं, ये ग, आम्ही चावत नाही, माझ्याकडे चारच दात आहेत. तिने ताट संयूच्या हातात दिलं आणि पदराने डोळे पुसत खाली गेली. चांगली बाई आहे. संयूने तीळगूळ उचलला, आधी खिडकीत ठेवला. रोज तसंच करते म्हणे. पहिला घास कट्ट्यावर. कावळा तिच्या बोटांतून घेतो, भीत नाही.

मराठीचं पान झपाट्याने चाललंय. मीच घाई करते, काम झालं की हिला घेऊन आनेकलला जाईन. एकच ओळ अडलीय. एखाद्या दिवशी कुठलीच आठवण नसली तर यंत्राने काय बोलायचं? मी म्हटलं, आपल्यात तसं फटकन म्हणत नाहीत. तांदूळ संपले म्हणत नाही, वाढले म्हणतो. दिवा विझला म्हणत नाही. विचार करून सांगते. ती म्हणाली, सावकाश सांग, पण ती शेवटची ओळ आहे, त्यानंतर पुस्तक पुरं.

२० जानेवारी, मंगळवार

आज एक गंमत झाली.

मला आता एकटीला विचारता येतं. संयूने कागदावर अक्षरं काढून दिलीत, ती बघून बटणं दाबते. सकाळी मराठीत विचारलं. आलं: अज्जीची गोळी, आज. गॅस, परवा. आणि खाली तिसरी ओळ.

संयोगिता येणार, सत्तावीस दिवसांनी.

कुठे येणार? ही तर इथेच आहे, भाजी निवडतेय. तिला हाक मारली. तिने पाहिलं, इंग्रजीत विचारलं. नुसता गॅस आणि गोळी. कन्नडात विचारलं, तेच. मराठीत पुन्हा ती ओळ. म्हणाली, त्याच्या जुन्या फाइलीतलं काही असेल, ऑफिसात वगैरे. आणि तोंड फिरवून शेंगा मोडत बसली.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरात मोजलं. सोळा फेब्रुवारी येते. सोमवार. सुट्टी नाही, काही नाही. यशोवर्धन गेला तो सत्तावीस फेब्रुवारीला, म्हणजे तेही नव्हे.

२४ जानेवारी, शनिवार

उमाकांत आला. यशोवर्धनचा मित्र, पुण्याचा, त्याच्याच ऑफिसातला. दर शनिवारी पानं न्यायला येतो आणि जेवून जातो. आजी, तुमची ॲक्च्युअली आमटी फँटास्टिक आहे, म्हणाला. मी म्हटलं, आमटी नव्हे, सारू आहे, आणि ॲक्च्युअली तू तिसऱ्यांदा घेतोयस.

त्याला ती ओळ दाखवली. आठवणी ज्या फाइलीत लिहितात ती त्याने उघडली, वरपासून खालपर्यंत शोधली. ती ओळ कुठेच लिहिलेली नाही. पुन्हा मराठीत विचारलं. संयोगिता येणार, तेवीस दिवसांनी. उमाकांतने संयूकडे पाहिलं. संयूने त्याच्याकडे पाहिलं. मग तो उठला. पानात पुरणाची होळगी तशीच. तूप वाढलेली होळगी टाकून जाणारा पुणेकर मी पाहिला नव्हता.

२८ जानेवारी, बुधवार

आज कन्नडातही आलं. संयोगिता बरुत्ताळे. कन्नड मला वाचता येतं, बसच्या पाट्यांवर शिकले. इंग्रजीत अजून नाही.

दुसरं एक. संयूने मार्चमध्ये दातांच्या डॉक्टरांचं लिहून ठेवलं होतं, मीच लिहायला लावलं. एप्रिलमध्ये माझ्या भाचीच्या घरचं लग्न. आज सहज मार्च विचारला, फक्त माझ्या गोळ्या. एप्रिल विचारला, माझ्या गोळ्या. संयूचं एकही काम पुढे नाही. फाइलीत सगळं जिथल्या तिथे लिहिलेलं आहे. यंत्र ते वाचत नाही.

सरी, असू दे, जुनं यंत्र आहे. असं म्हणून झोपते.

३१ जानेवारी, शनिवार

आज उमाकांतला जिन्यात गाठलं. वाट अडवून बसले. म्हटलं, माझा गुडघा धरलाय, मी उठायची नाही, तुला उडी मारून जायचं तर जा. मग बोलला. एकही इंग्रजी शब्द न घालता बोलला.

यशोवर्धनचं दहावं श्रीरंगपट्टणला, नदीवर. संयू हट्टाने गेली. पिंड ठेवले. कावळा शिवेना. दहाबारा कावळे झाडावर, एक खाली उतरेना. सासरे म्हणाले, तुझ्या आईला मी सांभाळीन. नाही. दीर म्हणाला, तुझं घराचं स्वप्न मी पुरं करीन. नाही. उमाकांत म्हणाला, तुझं काम मी वाया जाऊ देणार नाही. एक उतरला, पिंडाभोवती फिरला, परत गेला. ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेवढ्यात ही पुढे झाली. पिंडाशेजारी वाकली. उमाकांत मागेच उभा होता, त्यालाच ऐकू आलं.

ही म्हणाली, तुझं पुस्तक मी पुरं करते, आणि वर्ष व्हायच्या आत मी येते.

शब्द तोंडातून पुरते बाहेर पडायच्या आत कावळा पिंडावर. नुसता शिवला नाही, सगळा पिंड खाल्ला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. भटजी म्हणाले, चला, शांत झाला. उमाकांतला वाटलं, दुःखातलं बोलणं, कुठे मनावर घ्यायचं.

वर आले. कॅलेंडर काढलं. गेल्या वर्षी तो गेला ती माघ वद्य पंचमी. या वर्षी माघ वद्य पंचमी सोळा फेब्रुवारीला.

त्या यंत्राला तिथी येत नाही. संयूनेच सांगितलं होतं, त्याला नुसत्या तारखा कळतात, तिथी शिकवायची राहून गेली. मग ही कुणी मोजली?

१ फेब्रुवारी, रविवार

तिला विचारलं. घेवडा चिरत होती. चिरता चिरता म्हणाली, तूच सांगायचीस ना अज्जी, पिंडासमोर दिलेला शब्द फिरवला तर त्याची वाट अडते, तो धड इकडे नाही धड तिकडे नाही असा लटकतो. मला नाही त्याला लटकत ठेवायचा.

मी तिच्या थोबाडीत मारली. आईवेगळी पोर, लहानपणीसुद्धा कधी हात उगारला नव्हता. बोटं उमटली. ती म्हणाली, लागलं नाही ग. मला रडवायला नव्हे, खरंच सांगत होती. गालाला हात लावून बघत होती, लागलं का नाही म्हणून.

आणि मी मूर्ख तीन आठवडे शब्दांवर शब्द सांगतेय, काम लवकर होऊ दे म्हणून.

आजपासून एक शब्द सांगणार नाही. पुस्तक पुरं झालं तर ना जायचं! पंचमी टळू दे. वर्ष उलटलं की शब्द फुकट. मग बसू दे त्याला झाडावर.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मी तोंड शिवून घेतलंय. विचारलं की म्हणते, म्हातारपण, आठवत नाही. चुकीचे शब्द सांगते. सकाळला संध्याकाळ म्हणते.

काल या वहीत लिहिता लिहिता म्हटलं होतं की कातरवेळ झाली, म्हैस ओरडतेय. लिहिलं आणि ती ओळ नको म्हणून पान फाडून मुनियम्माच्या चुलीत घातलं. वही माझ्या ट्रंकेत, किल्ली कमरेला. आज प्रिंटरमधून पान निघालं. त्यात: संध्याकाळी सहा ते सात, कातरवेळ.

संयूला मी तो शब्द सांगितलेला नाही. वही तिने पाहिलेली नाही. शब्द जळून राख झालेला.

म्हणजे वही कुणीतरी वाचतंय.

बरं. वाचताय तर वाचा. जावईबापू, तुम्हालाच लिहिते आता. तुम्ही चांगले होतात. माझ्या हातचं खाऊन ताट धुवून ठेवणारा पुरुष मी दुसरा पाहिला नाही. पण हे बरं नाही. बत्तीस वर्षांची आहे ती. तिला सोडा.

८ फेब्रुवारी, रविवार

इंग्रजीतही आलं. संयूने वाचून दाखवलं. तमिळमध्ये, गोऱ्यांच्या भाषांतही. सगळीकडे ती एकच ओळ, माझ्या गोळ्यासुद्धा गेल्या. आठ दिवसांनी.

पातेलंभर सारू उचललं आणि यंत्राच्या पेटीत ओतलं. फोडणीसकट. ठिणग्या, धूर. पडदा मेला. संयू दारात उभी होती. रागावली नाही. फडकं आणलं, फरशी पुसली.

आज पहिल्यांदा घर गप्प आहे. झोप लागेल.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी चहा घेऊन आली. कप ठेवला. म्हणाली,

संयोगिता येणार, सहा दिवसांनी.

मी म्हटलं, काय म्हणालीस? तिला ठाऊकच नाही काही बोलली ते. केस पुसत होती. मग तेच कन्नडात. मग तेच इंग्रजीत. एका आवाजात, एका चालीत. मग म्हणाली, अज्जी, साखर कमी झाली का ग?

यंत्र मी उगाच जाळलं. जाळायला हवं होतं ते यंत्रात नव्हतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

तिला ओढत फाट्यावर नेलं. आनेकलची बस आली. आधी तिला चढवलं, मागून मी चढले. बस सुटली. खिडकीतून बघते तर ती खाली रस्त्यावर उभी. मी वर. डबा तिच्या हातात, दुसरा माझ्या. ती उतरलेली मी पाहिली नाही, कुणीच पाहिली नाही. पुढच्या स्टॉपला उतरून चालत आले. गुडघा भोपळ्याएवढा झालाय.

घरी आले तर पेन्सिलीने पान लिहीत बसली होती. मराठीचं. सगळं भरलंय. एकच ओळ कोरी.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

संयोगिता येणार, तेरवा.

माझाच शब्द. अंगणात बसून ज्याला दिला त्याने मला परत केला.

ती जेवत नाही. पूर्ण ताट खिडकीत ठेवते. तो खातो. आता आत, खुर्चीच्या पाठीवर बसतो. त्याच्या खुर्चीच्या.

दर तासाला विचारते, अज्जी, ती शेवटची ओळ. काहीच नसलं तर काय म्हणायचं?

मला ठाऊक आहे काय म्हणायचं. दाराशी उभं राहून बाहेर पडताना आपण विचारतो ते. पिंड ठेवल्यावर सगळी वचनं देऊन झाली की मेलेल्याला शेवटी सांगतात ते. तीन शब्द. बोलणार नाही. इथे तर नाहीच नाही. दात विचकून बघू नका, जावईबापू. मी तिसरीपर्यंतच शिकले असेन, एवढी खुळी नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

परवा.

उमाकांत आला नाही. मी खालून फोन केला. आईला बरं नाही, पुण्याला गेलाय म्हणे. याला बरं नाही.

मुनियम्मा वर आली. संयूला हात लावला, आणि हात पदराला पुसत म्हणाली, अम्मा, ही गार आहे. मी म्हटलं, पंख्याखाली बसलीय. वीज नाही, मुनियम्मा म्हणाली.

१५ फेब्रुवारी, रविवार

उद्या.

दुपारी भाताचा गोळा केला, तूप-तीळ घातले, कट्ट्यावर ठेवला. गुडघा टेकवत नाही तरी टेकवला. म्हटलं, यशा, मला ने. मी येते. बहात्तर पुरी झाली, मला इथे कोण विचारतंय. तुला अंगणात बसून शब्द सांगीन, हवे तेवढे, रोज नवे. तुझी चहाची आधणं टाकीन. मला ने.

त्याने मान वाकडी करून गोळ्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

शिवला नाही.

ऊन उतरेस्तोवर बसले. दुसरा गोळा केला, तिसरा केला. अरे मेल्या, म्हातारं माणूस फुकट मिळतंय ते घे ना—

शिवला नाही. माझं काही नकोच त्याला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज. तिने म्हटलं, आज. एवढंच.

पंचमी पावणेचारपर्यंत आहे. कॅलेंडरात आहे. तोवर धरायची. पुस्तक कोरंच आहे. दाराला कडी, कडीला कुलूप, किल्ली तोंडात.

सकाळी एक बरं झालं. स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ पुसलं तिने. वर्षभराची धूळ. मला वाटलं, घराकडे लक्ष गेलं. म्हणाली, अज्जी, डोक्याला तेल लाव ना. लहान होती तेव्हासारखं.

मांडीवर डोकं घेऊन बसलेय. डावा हात केसांत, उजव्याने लिहिते. लिहीत राहिले की डोळा लागत नाही. कावळा खुर्चीवर. मी त्याच्याकडे बघते, तो घड्याळाकडे.

पावणेतीन.

साडेतीन. श्वास चालू आहे. मोजतेय.

पावणेचार.

चार. चार वाजले! संयू आहे. मांडीवर आहे. श्वास आहे, ओठ कोरडे पण श्वास आहे. टळली पंचमी. अरे यशा, टळली. वर्ष उलटलं, शब्द उलटला, उड आता. रडत नाहीये मी, तेल डोळ्यात गेलं. पोर माझी आहे, वेणी घालते तिची, उद्या आनेकलला नेते, कढी-भात खाऊ घालते. तुझं पुस्तक राहू दे तिथेच. जा बाबा, सुखाने जा, तुझं आता इथे काही राहिलं नाही.

खाली रेडिओ लागला. मोठा झाला. बातम्या. म्हैस—

दोनच्या बातम्या.

घड्याळात चार.

सकाळी स्टुलावर चढून तिने— पुसलं नव्हतं, काटे पुढे—

हे मी काय लिहिलं. तेच तीन शब्द. वहीत. या वहीत. खोडते, खोडलं, अजून दिसतंय, पान फाडू, फाडून काय—

पेन्सिल वाजतेय. तिच्या हातात नाही. मेजावर. कागदावर ओळ—

कावळा खुर्चीवर नाही.

संयू. मांडी हलकी का लागतेय. संयू, ऊठ, अर्धीच झालीय वेणी, एक पेड अजून माझ्या हातात आहे, धरलाय मी, सोडत नाही, तू नुसती मान इकडे कर, एवढा एक पेड—